जुनी पोर्ट वाइन: उघडण्याआधी काय पाहावं, उघडावी कशी आणि पारखावी कशी

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरईतल्या जुन्या घरांमध्ये हॉलच्या काचेच्या कपाटात एखादी विलायती बाटली हमखास दिसते. कुणाचे काका मर्चंट नेव्हीत होते, कुणाचे मामा आखातात होते, त्यांनी येताना आणलेली. ती कुणी उघडत नाही. वाइन जितकी जुनी तितकी भारी, असं सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पोर्टच्या बाबतीत हे निम्मंच खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्यापायी कितीतरी चांगल्या बाटल्या कपाटातच मरतात.

पोर्ट किती वर्षांची आहे याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात: ती मुरली कुठे, लाकडी पिंपात की बाटलीत? आणि ही सगळी वर्षं बाटली ठेवली कशी होती? या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. बाटली उभी करायची की नाही, हवा किती द्यायची, आणि चव नावडली तर दोष वाइनचा की आपल्या कपाटाचा.

आधी बाटलीत आहे काय ते ठरवा

आपल्याकडे पोर्ट म्हटलं की पहिली आठवते ती गोव्याहून येणारी गोड, स्वस्त लाल वाइन. तिचं आपलं एक स्थान आहे, पण ती ठेवून मुरणारी वाइन नाही. बाटलीवर गोव्याचा किंवा भारतातला दुसरा कुठलाही पत्ता असेल, तर ती दहा वर्षं ठेवून काही साधलेलं नसतं आणि या लेखातल्या खटाटोपाचीही गरज नाही.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. या प्रदेशाच्या सीमा १७५६ साली सरकारी हुकमाने आखल्या गेल्या. ठाण्याच्या वाचकांसाठी एक जोड द्यायचा मोह होतो: पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. म्हणजे पोर्तुगीज इथून गेल्यावर जेमतेम वीस वर्षांत त्यांच्या देशात ही आखणी झाली.

तूरिगा नासियोनाल, तूरिगा फ्रांका, तिंता रोरीझ अशा जातींची द्राक्षं तुडवून रस आंबवायला ठेवतात. साखर निम्मी उरलेली असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि तिच्यात १९ ते २२ टक्के अल्कोहोल असतं. इतक्या साखरेमुळे आणि अल्कोहोलमुळेच ती साध्या वाइनपेक्षा जास्त हाल सोसते. साधी लाल वाइन ठाण्याच्या दोन उन्हाळ्यांत संपते, पोर्ट बराच काळ तग धरते. पण तग धरणं आणि सुधारणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता लेबल वाचा. 'व्हिंटेज पोर्ट' असं लिहून एक साल दिलं असेल, तर ती वाइन हंगामानंतर दोन-तीन वर्षांतच, न गाळता, बाटलीत भरलेली असते. तिचं खरं आयुष्य बाटलीत जातं. वीस, तीस, चाळीस वर्षं ती बदलत राहते आणि तळाशी भरपूर गाळ सोडते. कंपन्या दरवर्षी व्हिंटेज काढत नाहीत, उत्तम हंगामालाच जाहीर करतात. १९६३, १९७७, १९८५, १९९४, २०११ ही त्यातली नावाजलेली वर्षं.

याच्या अगदी उलट टॉनी. ती साडेपाचशे लिटरच्या आसपासच्या लाकडी पिंपांमध्ये वर्षानुवर्षं हवेच्या मंद संपर्कात मुरते, लालीची तांबूस-पिंगट होते आणि पिण्यास तयार झाल्यावरच बाटलीत भरली जाते. लेबलवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे मिश्रणाचं वय सांगतात, आतला प्रत्येक थेंब तेवढ्याच वर्षांचा नसतो. एकाच सालाची टॉनी असेल तर तिला 'कोल्येइता' म्हणतात. इंग्रजी अक्षरं सी-ओ-एल-एच-ई-आय-टी-ए अशी शोधा. ती किमान सात वर्षं पिंपात असते.

घोटाळा इथेच होतो. कोल्येइतावर मोठ्या अक्षरात १९८२ दिसतं आणि घरचे तिला व्हिंटेज समजून आणखी वीस वर्षं ठेवतात. पिंपात मुरलेली पोर्ट बाटलीत गेल्यावर फारशी मुरत नाही, हळूहळू तिचा ताजेपणा तेवढा जातो. म्हणून मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल शोधा. टॉनीच्या बाबतीत मला तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भरून पाच-सात वर्षं झालेली टॉनी बहुधा छान असते, तीस वर्षं झालेली असेल तर अपेक्षा कमी ठेवा.

एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, या दोन्हींच्या मधली. चार ते सहा वर्षं पिंपात राहून बाटलीत येते. गाळून भरलेली असेल तर लगेच प्यायची, 'अनफिल्टर्ड' लिहिलेलं असेल तर काही वर्षं बाटलीत सुधारते. नुसतं 'रुबी' किंवा 'रिझर्व्ह' लिहिलेली पोर्ट ठेवण्यासाठी नसतेच.

लेबल कसरीने खाल्लं असेल तर बूच बघा. वर प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने निघणारं बूच असेल तर ती उघडून लगेच प्यायची पोर्ट. पूर्ण आत ठोकलेलं लांब बूच असेल तर बाटलीत मुरणारी असण्याची शक्यता जास्त. बाटलीवर पांढऱ्या रंगाचा फराटा दिसला तर तो मळ समजून खरवडू नका. व्हिंटेज पोर्ट आडवी ठेवताना कोणती बाजू वर होती हे कळावं म्हणून पूर्वी तसा फराटा मारत. गाळ त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला साठलेला असतो.

मानेवर क्रमांक असलेली कागदी पट्टी असते, ती पोर्टवर देखरेख ठेवणाऱ्या पोर्तुगालमधल्या सरकारी संस्थेची, तीही पाहा. पण फार जुन्या बाटलीवर ती नसेल तर लगेच नकली म्हणू नका. १९७० च्या हंगामापर्यंत बऱ्याच व्हिंटेज पोर्ट पिंपातून इंग्लंडला जाऊन तिथे बाटलीबंद होत असत.

न उघडता होणारी तपासणी

बाटली उजेडासमोर धरा, मोबाइलचा टॉर्च मागे लावा. वाइनची पातळी मानेत असेल तर उत्तम. चाळीस वर्षांच्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरलेली असेल तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर असेल तर शंका घ्या, त्याहून खाली असेल तर हवा भरपूर आत गेलेली आहे. मानेभोवती चिकट ओघळ म्हणजे बूच गळत होतं. वरच्या आवरणाखाली बूच फुगून वर आलेलं असेल तर बाटली कधीतरी फार तापली होती.

वरवरच्या बुरशीला घाबरू नका. आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, बुचाच्या माथ्याला आली तर नवल नाही. ओल्या फडक्याने पुसून टाका.

मग घरच्यांना विचारा की बाटली कुठे होती. शोकेसमध्ये वरच्या ट्यूबलाइटखाली? माळ्यावर, म्हणजे थेट तापलेल्या स्लॅबखाली? की लोखंडी कपाटाच्या तळाशी, अंधारात? आदर्श तापमान १२ ते १५ अंश, आणि ठाण्यात ते बाहेर कुठल्याच महिन्यात टिकत नाही. त्यातल्या त्यात उत्तरेच्या भिंतीलगतचं खालचं कपाट बरं. सगळ्यात वाईट जागा फ्रिजच्या वरची, कारण तिथे मागच्या कॉइलची ऊब कायम येत राहते. उभ्या ठेवलेल्या बाटलीचं बूच सुकतं, आक्रसतं आणि हवा आत शिरते. लांब बूच असलेली बाटली म्हणून आडवी ठेवतात. टोपीच्या बुचाची उभी ठेवली तरी चालते.

आदल्या दोन दिवसांची तयारी

व्हिंटेज पोर्ट उघडायच्या निदान एक दिवस आधी, शक्यतो दोन, बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. उभी करताना धसमुसळेपणा नको. वाशीहून घोडबंदर रोडला बाटली रिक्षा-टॅक्सीने आणून त्याच संध्याकाळी उघडलीत तर वाइन गढूळच येणार. ज्या घरी उघडायची तिथे आधीच पोचवा. टॉनीला आणि गाळलेल्या एलबीव्हीला हे काही लागत नाही.

तापमानाकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लाल वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यायची हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत ३२-३३ अंश असतात. त्या तापमानाला २० टक्के अल्कोहोल नाकात टोचतं आणि गोडवा पाकासारखा बसतो. व्हिंटेज १६ ते १८ अंशांना आणि टॉनी १२ ते १४ ला चांगली लागते. व्हिंटेजची बाटली उभीच फ्रिजच्या दारात दोनेक तास ठेवा. मात्र त्या वेळात दार आपटू देऊ नका, गाळ उठतो. टॉनी थेट फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी ओतली तरी चालते. एवढं करूनही माझं मत विचाराल तर मौल्यवान बाटली डिसेंबर ते फेब्रुवारीतच उघडावी. पेल्यातली वाइन पंख्याखाली भराभर गरम होते आणि उत्तम वाइनचं निम्मं बोलणं तिथेच बंद पडतं.

घराचा वासही आधी आवरा. त्या संध्याकाळी उदबत्ती नको, फोडणी नको, केसांत गजरा नको, अत्तर-डिओ नको. सकाळी मामलेदारची मिसळ खाल्ली असेल तर दुपारी टेस्टिंग ठेवू नका. तिखटाने चाळवलेल्या जिभेला अल्कोहोल दुप्पट झोंबतं. जेवणाआधीची वेळ सगळ्यात चांगली.

नाकाची तयारी करायची असेल तर एक उपाय फार उपयोगी पडतो. वाशीच्या एपीएमसीत किंवा जवळच्या दुकानातून थोडे थोडे मनुके, सुके अंजीर, जर्दाळू, अक्रोड, भाजलेले बदाम, जायफळ, लवंग आणि संत्र्याची वाळलेली साल आणा. वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवा आणि वाइन ओतण्याआधी एकेक हुंगा. पोर्टमध्ये जे सापडतं त्याचा मोठा भाग या वाट्यांत आहे. नवख्या माणसाला वास येत नाही असं क्वचितच होतं. वास येतो, नाव आठवत नाही.

बूच काढणं

चाळीस वर्षांचं बूच आतून भुगा झालेलं असतं. नेहमीचा स्क्रू घालून जोर लावलात तर मधला भाग हातात येतो आणि कडा काचेला चिकटून राहतात. जुन्या बाटल्यांसाठी दोन पात्यांचा ओपनर मिळतो. त्याची लांब पाती बूच आणि काच यांच्या फटीत आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, डोलवत डोलवत खाली न्यायची. पूर्ण खाली गेल्यावर ओढायचं नाही, फिरवत वर घ्यायचं. घाई केलीत तर बूच आत पडेल. पोर्तुगालमध्ये तापवलेल्या चिमट्याने बाटलीची मानच तोडायची पद्धत आहे. दिसायला सुंदर, पण घरी अजिबात करू नका.

एवढं करूनही बूच तुटलं तर हळहळायचं कारण नाही, गाळून घ्या. गाळण्यासाठी स्टीलची बारीक गाळणी चालेल, पण रोजची चहाची नको. आलं आणि वेलदोडा तिच्या जाळीत बसलेला असतो आणि कितीही घासली तरी जात नाही. नवी घ्या किंवा गरम पाण्यात अनेकदा खळबळून काढलेलं, साबणाचा वास नसलेलं मलमल वापरा.

निघालेलं बूच टाकू नका. व्हिंटेज पोर्टच्या बुचावर बहुधा कंपनीचं नाव आणि साल छापलेलं असतं. लेबल गेलेल्या बाटलीचा तोच दाखला. वाइनकडचं टोक ओलं आणि गडद असेल, माथा कोरडा असेल, तर बूच शेवटपर्यंत नीट काम करत होतं.

निथळून घेणं

गाळ विषारी नसतो, पण कडवट असतो आणि जिभेवर रवाळ लागतो. डिकँटर नसला तर स्वच्छ काचेचा जग चालेल. प्लॅस्टिकचा नको. मोबाइलचा टॉर्च टेबलावर वर तोंड करून ठेवा, बाटलीची मान त्याच्या वर येईल अशी धरा आणि एकाच संथ धारेत ओतत जा. मध्ये थांबून बाटली सरळ केलीत की गाळ उसळला. खांद्यापाशी काळसर धागा सरकत येताना दिसेल, तो मानेत शिरण्याआधी थांबायचं. तळाशी थोडी वाइन राहिली तर राहू द्या, ती वाचवायला गेलात तर बाकीची बिघडेल.

किती वेळ हवा द्यायची? टॉनीला अजिबात नको, पिंपात ती आयुष्यभर हवा खातच आलेली असते. वीस-पंचवीस वर्षांच्या व्हिंटेजला तीन-चार तास मानवतात. चाळिशी ओलांडलेलीला मी तास-दीड तासापेक्षा जास्त देत नाही, कारण उरलेला बदल पेल्यात बघण्यातच खरी मजा आहे.

पेल्यातली पारख

लिकरचे चिमुकले पेले बाजूला ठेवा. त्यांत वास फिरायला जागाच नसते. वर थोडा निमुळता होणारा साधा वाइनचा पेला घ्या. पोर्तुगीज वास्तुकार आल्वारू सिझा यांनी खास पोर्टसाठी आखलेला पेलाही असाच, लहान पण तोंडाशी आवळलेला आहे. ओतायची पन्नास मिलिलिटरच्या आसपास. बाजूला थुंकण्यासाठी एक भांडं ठेवा. पाच-सहा प्रकार चाखायचे असतील तर थुंकणं गरजेचं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पुढचं सगळं एका उदाहरणाने सांगतो. नौपाड्यातल्या एका घरी आम्ही एकाच संध्याकाळी दोन बाटल्या उघडल्या. त्या घरचे आजोबा जहाजावर इंजिनिअर होते. एक होती वीस वर्षांची टॉनी, मागच्या लेबलवर १९९४ मध्ये भरल्याची नोंद, तेव्हापासून शोकेसमध्ये उभी. दुसरी १९८५ ची व्हिंटेज, जुन्या चादरींत गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत आडवी ठेवलेली. घरच्यांना भरवसा टॉनीचा होता, कारण ती दिसायला झकपक होती.

आधी रंग. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि मधला गाभा व कड वेगवेगळे पाहा. शक्यतो दिवसाउजेडी, पिवळ्या दिव्याखाली सगळंच तपकिरी दिसतं. तरुण व्हिंटेज पार जांभळी-काळी असते. वय वाढतं तशी ती माणकासारखी, मग विटकरी होत जाते आणि कड फिकट पडते. टॉनी उलट तांबूस, मग मधाच्या रंगाची, आणि खूप जुनी असेल तर कडेला हिरवट झाक येते. हिरवट झाक हे चांगलं लक्षण. रंग कसाही असो, त्यात तकाकी हवी. आमच्या टॉनीचा रंग बरोबर होता, पण मंद, धुरकट. व्हिंटेज चाळिशीच्या मानाने जरा जास्तच विटकरी होती. ट्रंक असली तरी ठाण्याचे उन्हाळे तिला लागलेच होते. पण पेला फिरवला की ती चमकत होती.

मग वास. पहिला श्वास पेला न हलवता घ्या, मग हलकेच फिरवून दुसरा. नाक पेल्यात खुपसू नका, अल्कोहोलनेच नाक बधिर होईल. या टप्प्याला आधी गुण शोधायचे नाहीत, दोष शोधायचे.

ओल्या पुठ्ठ्याचा वास हा बुचाचा दोष. जुलै महिन्यात भिजलेलं खोकं जिन्याखाली पडून राहिलं की जो वास येतो, तोच. मात्र घाईने निकाल देऊ नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या बाटलीला सुरुवातीला कुबट, बंद कपाटासारखा वासही येतो आणि तो अर्ध्या तासात उडून जातो. पुठ्ठ्याचा वास मात्र तासाभरात वाढत जातो आणि फळाचा वास पार झाकून टाकतो. दोन्हींतला फरक करायला एकच उपाय, थांबणे. आमच्या व्हिंटेजने पहिली वीस मिनिटं सगळ्यांना धास्तावलं होतं. ती बेसिनमध्ये ओतायची सूचनासुद्धा आली.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका थोडा असेल तर जुन्या टॉनीत तो चालतो, उलट वासाला उठाव देतो. पण व्हिनेगरसारखी आंबट धार नाकातून जिभेपर्यंत आली तर वाइन गेली. तिसरा दोष उष्णतेचा. काकवी, करपलेली साखर, शिजून लगदा झालेल्या फळाचा वास. इथे प्रकार लक्षात ठेवावा लागतो, कारण टॉनीत साखरेचा खमंग वास अपेक्षितच असतो. व्हिंटेजमध्ये तो एकटाच पुढे आला असेल तर बाटली तापलेली आहे.

दोष नसतील, किंवा पोटात घालण्याइतके असतील, तर मग गुणांकडे वळा. तरुण व्हिंटेजमध्ये जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं, फुलांचा वास. वयाबरोबर ते सुकत जातात, अंजीर, जर्दाळू, खजूर होतात, पाठोपाठ लवंग, जायफळ, जुनं लाकूड. टॉनीत बदाम-अक्रोड, संत्र्याची साल, मध. आमच्या टॉनीत अक्रोड होता, पण खवट. पुढे काहीच नाही. व्हिंटेजचा कुबटपणा अर्ध्या तासाने ओसरला आणि आधी काकवी आली, ती उन्हाळ्यांची खूण. तिच्या मागून मात्र सुकं अंजीर, संत्र्याची साल आणि नुकतंच किसलेलं जायफळ स्पष्ट आलं. पाऊण तासाने खोलीतल्या सगळ्यांना ते मिळत होतं, वाइन कधी न चाखलेल्या आजींनाही.

शेवटी चव. पहिला घोट फक्त तोंड ओलं करण्यासाठी, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट दहा सेकंद तोंडात फिरवा. पोर्टमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यामुळे गोड लागणारच. बघायचं ते हे, की गोडव्याला तोलून धरणारं काही आहे का. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा जिवंत आहे. हिरड्या आणि गालांची आतली बाजू ओढली गेली तर तुरटपणा आहे. तरुण व्हिंटेजमध्ये तो कच्च्या सुपारीसारखा खरखरीत असतो, मुरलेल्या व्हिंटेजमध्ये मऊ होतो, आणि टॉनीत जवळजवळ नसतो. अल्कोहोलची ऊब छातीत जाणवली तर ठीक, घशाला चटका बसला तर बाटली गरम आहे किंवा वाइनचा तोल गेला आहे. आधी पेला थंड करून पाहा, मग वाइनला नाव ठेवा.

गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. दहाच्या आत चव विरली तर आखूड, तीसच्या पुढे टिकली तर लांब. नुसती गोडी टिकली तर ती मोजू नका, अंजीर-जायफळ-अक्रोड किती टिकतं ते मोजा. अस्सल मोठ्या पोर्टला माझ्या मते हीच कसोटी पुरते. आमची टॉनी जिभेवर गोड सुरू झाली, मध्ये रिकामी झाली आणि लगेच संपली. व्हिंटेज मिनिटभर रेंगाळली.

निकाल लिहिताना

'छान आहे' किंवा 'गेली आहे' एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न वेगळे ठेवा: बाटलीची अवस्था कशी? वाइन आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर? मूळ वाइन किती चांगली? आमच्या व्हिंटेजची उत्तरं होती, अवस्था मध्यम, उष्णता लागलेली. टप्पा उताराचा, आता ठेवण्यात अर्थ नाही. मूळ दर्जा उंच. टॉनीच्या बाबतीत अवस्था इतकी वाईट होती की मूळ दर्जाबद्दल बोलण्याचा हक्कच आम्हाला उरला नव्हता. या तीन उत्तरांची सरमिसळ झाली की माणूस तापलेली बाटली चाखून अख्ख्या कंपनीला नावं ठेवतो. शंभरपैकी गुण देण्याची घाई मी करत नाही. तीन ओळींची नोंद, वर तारीख, भरल्याचं साल आणि बाटली कुठे ठेवली होती एवढं लिहिलेलं पुढच्या बाटलीला जास्त कामी येतं. तासाभराने त्याच पेल्याची दुसरी नोंद घ्या, आणि थोडी वाइन दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. रात्रभरात सावरणारी वाइन ठणठणीत असते.

उरलेली फ्रिजमध्ये, बूच घट्ट लावून. जुनी व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवा, गाळलेली एलबीव्ही दोनेक आठवडे, टॉनी महिनाभर सहज राहते.

पारख संपल्यावरच खायला काढा. इंग्लंडात व्हिंटेजबरोबर निळ्या बुरशीचं स्टिल्टन चीज खातात, आणि खारट-गोड ही जोडी खरोखर जमते. ते मिळालं नाही तर टॉनीबरोबर भाजलेले बदाम आणि सुके अंजीर, व्हिंटेजबरोबर कडसर डार्क चॉकलेट. फरसाण आणि तळलेली मासळी नको, मसाला वाइनला खाऊन टाकतो.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो काढून घ्या. जुनी बाटली ऑनलाइन विकून किती मिळतील असं बरेच जण विचारतात. परवान्याशिवाय मद्य विकणं गुन्हा आहे, तेव्हा तो विचार सोडून द्या आणि चार जाणत्या माणसांना बोलावून ती उघडा. त्यांनी येताना गाडी आणू नये.

घरात जुनी बाटली नसेल तर परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाला ड्यूटी फ्रीमधून दोन आणायला सांगा: एक दहा वर्षांची टॉनी, एक न गाळलेली एलबीव्ही. एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, त्यात ७५० मिलिलिटरच्या दोन्ही बसतात. टॉनी याच हिवाळ्यात उघडा. एलबीव्ही वाइन फ्रिजमध्ये, तो नसेल तर घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कप्प्यात आडवी ठेवा आणि तिच्या गळ्यात आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा.